बेडकीचं डावं जॅकेट

काका मला भोंगा म्हणायचा, कारण मी बोलायचेच नाही. अगदी मुकी नव्हते, पण वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखालीच अडकायचा आणि शेजारची मुलगी माझ्या वतीने हात वर करायची. मी वर्कशॉपमध्ये गेले की काका माझ्या नाकाचं टोक दाबायचा, कान लावून ऐकल्यासारखं करायचा आणि आत्याला हाक मारून सांगायचा, "अगं, हिचा भोंगा बिघडलाय. वायर बघ जरा!"

आता भोंगा दुरुस्त झालाय. इतका, की परवा विज्ञानाच्या बाईंनी मला हात जोडून खाली बसवलं. मी वादविवाद स्पर्धेत बोलते, बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलते, आणि वेल्डिंग करते. हो, वेल्डिंग! माशाचे खवले एकावर एक बसवावेत तसा सरळ टाका घालते. वर्गातल्या मुलांना फोटो दाखवला तर म्हणाली, नेटवरून घेतलाय. मग त्यांच्या नाकावर टिच्चून मी शाळेच्या बाकाचा तुटलेला पाय जोडून दिला. हे सगळं काका गेल्यानंतरचं. त्याने यातलं काहीच ऐकलं नाही.

काका म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप दोघांचं होतं, आणि बेडकीही दोघांची. बेडकी ही गाडी. बाबापेक्षा वयाने मोठी. दोन दरवाजे, बुटकं नाक, वर आलेले दोन गोल दिवे आणि मागे उतरत गेलेली पाठ. इंजिन मागे, आणि त्याला पाणी लागत नाही. नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. काका म्हणायचा, एवढं कमी खाऊन एवढं पळणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. यावर आत्या त्याच्याकडे पाना फेकायची. लागणार नाही असा.

इतर गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी फिरवून आत ऊब करतात. बेडकीत पाणीच नाही, म्हणून बनवणाऱ्यांनी वेगळी शक्कल लढवली. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा पाइप चांगलाच तापतो. त्या पाइपाभोवती त्यांनी पत्र्याचं जॅकेट चढवलं. पंख्याची हवा जॅकेटमध्ये शिरते, पाइपाला चाटून गरम होते आणि आत बसणाऱ्याच्या पायाशी येते. डावीकडे एक जॅकेट, उजवीकडे एक. दोन सीटांच्या मधला दांडा वर ओढला की ऊब सुरू.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ओरडले होते, "म्हणजे पाइपाला भोक पडलं तर धूर आपल्या नाकात?"

"वाजला!" काका टाळी वाजवून म्हणाला. "भोंगा वाजला!" प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात काका "एक चक्कर मारून येतो" म्हणून बेडकी घेऊन घाटावर गेला. वर दाट धुकं होतं. त्याने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, काचा बंद, हीटरचा दांडा वर, इंजिन चालू, गाडीची शेपूट कड्याच्या दगडाला जवळजवळ टेकलेली. तो तसाच सापडला. माझा बाबा रुग्णवाहिका चालवतो. त्या दिवशी त्याचीच पाळी होती, त्यामुळे बेडकीचं दार बाबानेच उघडलं. त्याने घरी येऊन एवढंच सांगितलं, की काकाचे गाल लाल होते, थंडीतून खेळून आलेल्या पोराचे असतात तसे.

तपासणाऱ्या साहेबांनी बेडकी वर्कशॉपच्या अंगणात आणून चालू केली, आत विषारी वायू मोजायचा मीटर ठेवला, थोडा वेळ थांबले. मीटरचा काटा ढिम्म. हीटर ठीक आहे, म्हणाले. मग विषारी वायू आत आला कुठून? तर शेपूट दगडाला लावलेली, धूर मागेच कोंडला आणि इंजिनाकडच्या फटींतून आत शिरला. "इतकी वर्षं गाड्यांत हात घातलेल्या माणसाला हे कळत नव्हतं का?" असं ते आत्याला विचारून गेले. आवाज मऊ होता त्यांचा. त्या मऊ आवाजानेच सगळ्या गल्लीला काय ते सांगून टाकलं.

कारण काका गप्प झालेला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याचे हात थरथरायला लागले होते. आधी चहाचा कप, मग पाना, मग वेल्डिंगची ज्योत. त्याने वेल्डिंग आत्याकडे दिलं आणि स्वतः नट मोजत बसायला लागला. थट्टा कमी झाली. शेवटी शेवटी तर तो माझं नाकही दाबायचा नाही.

आत्या म्हणायची, "शेपूट दगडाला लावली कारण आम्ही ती वाऱ्याला देतच नाही. आमची पहिल्यापासूनची सवय आहे. मागून वारा घुसला की इंजिन अडखळतं हिचं." हे खरं होतं. वर्कशॉपच्या अंगणातसुद्धा बेडकी कायम भिंतीला शेपूट लावून उभी असायची. पण लोक "हो ना, हो ना" म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

आत्याला एकच गोष्ट कळायला हवी होती. काका तिला सोडून गेला होता का? बाकी तिला काही नको होतं. जेवण नको, कोणी भेटायला नको. आणि उत्तर बेडकीच्या पोटाखाली, त्या दोन जॅकेटांत असलं तर असणार होतं. तरी वर्षभर तिने बेडकीवरचं कापड काढलं नाही. मी रोज शाळेतून वर्कशॉपमध्ये जायचे. तिने मला वेल्डिंग शिकवलं, बहुतेक एवढ्यासाठी, की काहीतरी करताना तिला माझ्याशी बोलावं लागू नये. म्हणून मीच बोलायला लागले. कोणीतरी बोलायला हवं होतं ना त्या शेडमध्ये!

थंडी परत सुरू झाली तेव्हा एके दुपारी मी गेले, तर बेडकी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि आत्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते.

"दप्तर ठेव आणि खाली ये," बूट म्हणाले.

मी तिच्या शेजारी सरपटत गेले. वर गंजाने तपकिरी झालेले नट, आणि त्यांच्यामागे पत्र्याचं डावं जॅकेट, फुगलेल्या पोटासारखं.

"हीटर दुरुस्त करायचाय," आत्या म्हणाली. "सगळा. नवा झाला पाहिजे."

"म्हणजे आतलं बघायचंय?"

"दुरुस्त करायचंय म्हटलं ना मी?"

मी बरं म्हटलं. नट जागचा हलेना. मी पान्यावर लोंबकळले.

"अगं ए! त्याला ओढायचं नसतं, मनवायचं असतं. तेल, मग आच, परत तेल. आणि तोंड बंद."

"तोंड बंद ठेवलं की नट सुटतो?"

"नट नाही सुटत. माझं डोकं सटकायचं वाचतं."

ती थट्टा करत होती! वर्षभरातली पहिली. मी इतकी खूश झाले की माझा हात सटकला आणि कोपर बेडकीच्या पोटावर आपटलं.

एक नट बोल्टसकट तुटला, बाकीचे सुटले. डावं जॅकेट आतल्या पाइपासकट खाली उतरलं तेव्हा बाहेर रुग्णवाहिका थांबली. बाबा आत आला, गणवेशातच. ठोकळ्यावरची गाडी पाहून दारातच उभा राहिला.

"धाकटे, कशाला उकरतेस हे?" बाबा आत्याला अजून धाकटे म्हणतो. "भंगारात दे म्हणून सांगितलं होतं मी."

"हीटर दुरुस्त करतेय, दादा."

"काय करायचाय हीटर? कोण बसणारे आता हिच्यात?"

"मी!" मी खालून म्हटलं.

"तू गप्प बस."

"पूर्वी मी बोलत नाही म्हणून कुरकुरायचास की तू!"

बाबाने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तो आत्याशेजारी टेकला. "मी दार उघडलं होतं ना धाकटे. तो शांत होता. घाबरलेला नव्हता, दार ढकलून बघितलेलं नव्हतं, काही नाही. त्याने ठरवलं होतं. मला त्याचा राग आहे, पण निदान कळतं तरी. तू अशी लटकून राहू नकोस."

"राग कशाचा?"

"तुला अशी टाकून गेला त्याचा!"

आत्याने चिंधीला हात पुसले. फार वेळ पुसत राहिली. "पाण्यात धरून बघू," ती म्हणाली.

पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरतात, तसंच. पाइपाचं एक तोंड बुचाने घट्ट बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि सगळं जॅकेट मोठ्या टपात बुडवलं. पाइपाला आत कुठे भोक असेल, तर जॅकेटच्या तोंडातून बुडबुडे येणार. आधी अडकलेली हवा भसकन निघून गेली. मग पाणी स्थिर झालं. आम्ही तिघंही त्या पाण्यावर वाकलो होतो. पाण्यात तिघांचे चेहरे होते आणि मला एका बुडबुड्याची इतकी गरज होती की मी स्वतः श्वास सोडायला विसरले.

काही आलं नाही. मग उजवं जॅकेट उतरवून बुडवलं, त्यातूनही नाही.

आत्याने हवा बंद केली. "ठीक आहेत दोन्ही," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला सांगते त्या आवाजात. मग टपाच्या काठाला धरून ती हळूहळू खाली बसली आणि तिचा चेहरा असा झाला की मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बाबाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, आणि ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. वर्षभर ती तो हात झटकत आली होती.

त्यानंतर वर्कशॉपला कुलूप लागलं. आत्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी शाळेतून जायचे, काहीबाही बोलायचे, ती हुं म्हणायची. एकदा म्हणाली, "त्याने साधी चिठ्ठी तरी लिहायची." एकदा म्हणाली, "हात थरथरायचा त्याचा. लिहिता आलं नसतं." मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

मग विज्ञानाच्या तासाला बाईंनी तो प्रयोग दाखवला. लोखंडी गोळा, लोखंडी कडं. थंड असताना गोळा कड्यातून आरपार जातो, तापवला की अडकतो. तो प्रयोग मी आधीही पाहिला होता, सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण गोळा कड्यावर अडकून बसला आणि मी ताडकन उभी राहिले. आम्ही जॅकेट थंड तपासलं होतं. साहेबांनीही थंड गाडी चालू करून थोडाच वेळ बघितलं होतं. काका घाट चढून गेला होता. पूर्ण चढ!

"बाई, मला घरी जायचंय!" मी ओरडले.

"बरं वाटत नाहीये का?"

"खूप बरं वाटतंय!"

आत्या पलंगावर उठून बसली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"अगं पण तापल्यावर..."

"एकदा विचारलं मी त्याला, भोक होतं का म्हणून. तो नाही म्हणाला. परत विचारू?" तिचे डोळे कोरडे होते. "आणि परत नाही म्हणाला तर?"

"आणि हो म्हणाला तर?"

तिने पांघरूण ओढून घेतलं. मी खिळ्यावरची वर्कशॉपची किल्ली घेतली. तिला दिसेल अशी घेतली, चोरून नाही.

डावं जॅकेट मी बाकावर घेतलं. इंजिनावर पाइप दोन्ही टोकांना आवळलेला असतो, म्हणजे तापला की त्याला पसरायला जागा नाही, तो वाकायला बघणार. म्हणून मीही दोन्ही टोकं शिकंज्यांत आवळली. पत्र्याच्या डब्यात तेलाचा बोळा पेटवला आणि विझवून धुमसता ठेवला, त्याचा धूर पंपाने पाइपात जाईल अशी नळी लावली. मग ज्योत पेटवून पाइपाच्या उघड्या भागाला धरली. माझे हात थरथरत होते. काकाचे थरथरायचे तसे, आणि मला एकदम कळलं की थरथरत्या हाताने ज्योत धरणं किती लाजिरवाणं वाटतं.

"एकाच जागी काय भाजतेयस? मक्याचं कणीस आहे का ते?"

आत्या दारात उभी होती, अंगावर काकाचा जुना कोट. तिने येऊन माझ्या हातातली ज्योत घेतली आणि पाइपावर सावकाश पुढेमागे फिरवायला लागली. पाइप निळसर झाला, मग जांभळट. आत कुठेतरी धातू टिक टिक वाजायला लागला.

"पंप मार," ती म्हणाली.

मी पंप मारला. जॅकेटच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या तोंडातून गरम हवा काकाच्या पायाशी आली होती, ते तोंड. काही नाही. अजून एकदा पंप. आणि मग तिथून धुराची एक बारीक करडी दोरी बाहेर आली, जरा वळली आणि जाड झाली.

"सापडलं!" मी किंचाळले. "आत्या, सापडलं! भोक आहे! भोक आहे गं!" मी नाचत होते, अक्षरशः नाचत होते, पंप हातात घेऊन.

आत्याने ज्योत बंद केली. "कापायला घे," ती म्हणाली.

इथे मला ठशाचं सांगायला हवं. जॅकेटच्या पत्र्यावर बनवणाऱ्यांचा गोल ठसा होता, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. काकाचा त्याच्यावर जीव. अस्सल पत्रा आहे, त्याला करवत लावायची नाही, असं तो प्रत्येकाला बजावायचा. आत्याने पत्रा कापायचा ग्राइंडर चालू केला आणि बरोबर त्या ठशावरून फिरवला. ठिणग्या तिच्या कोटावर उडत होत्या. पत्र्याचे दोन भाग सुरीने फोडलेल्या शेंगेसारखे उघडले.

आत पाइप. त्याच्या खालच्या बाजूला, वळणावर, वेल्डिंगचा एक जुना टाका. खवल्यांसारखा, नेटका, सुंदर. आणि टाक्याच्या कडेने केसाएवढी काळी रेघ.

मी अजून हसतच होते. "बघ, बघ, इथून! कोणीतरी जोडलंय आणि कडेने..." आणि मग मला ते खवले ओळखू आले. मला तेच तर शिकवले होते तिने. शेवटचा खवला ती नेहमी जरासा डावीकडे वळवते.

मी रेघेवरचं बोट मागे घेतलं.

"माझा टाका आहे," आत्या म्हणाली.

काका गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात पाइपाला छोटं भोक पडलं होतं. काकाचे हात तोवर कामातून गेले होते. जोडायचं तिने, पण जॅकेट कापायचं नाही, ठसा जपायचा, म्हणून तिने जॅकेटच्या तोंडातून आत सळई घालून, छोट्या आरशात बघत टाका घातला. पाठीमागची कड तिला दिसलीच नव्हती. आणि आमच्या वर्कशॉपचा नियम आहे, जोडणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. काकाने तपासलं. टपात, पाण्यात, थंड. आणि पास केलं.

"पण मग त्याचीच चूक आहे!" मी म्हटलं. "त्यानेच कापू दिलं नाही! त्यानेच पास..."

"त्याच्यावर ढकलू नकोस," आत्या म्हणाली. "आत्ताच तर परत मिळालाय मला."

मग ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही, मी ते विसरायचा प्रयत्न करतेय. ती त्या उघड्या पाइपावर तळहात ठेवून हसत होती, पाइप अजून गरम होता, आणि मी तिचा हात ओढून काढला तेव्हा तळव्यावर लाल पट्टा उठला होता.

"नाही गेला तो," ती म्हणाली. "माझ्या हातून गेला. पण सोडून नाही गेला."

मी बाबाला फोन केला. तो पाळी अर्धी टाकून आला. आत्याने त्याला पाइप दाखवला, रेघ दाखवली, टाका दाखवला. "दादा, त्याने नाही केलं. मी केलं."

"वेडी आहेस का तू?"

"वेडी असते तर बरं झालं असतं. हा घे, नखाने बघ, लागते रेघ."

बाबाने नख फिरवलं. मग तो कोपऱ्यातल्या टायरवर बसला, टोपी काढली आणि माझ्या देखत रडला. मी बाबाला रडताना पाहिलं नव्हतं, तो तर रोज काय काय बघून येतो. "वर्षभर शिव्या घातल्या मी त्याला," तो म्हणाला. "रोज. घाटावरून जाताना, गाडीत पेशंट असला तरी, मनातल्या मनात." आत्या त्याच्याजवळ गेली नाही, आणि तोही उठून तिच्याजवळ आला नाही. दोघांच्या मध्ये कापलेलं जॅकेट पडलं होतं. मला वाटलं होतं, खरं कळलं की सगळे मिठ्या मारतील. मी शाळेत काय काय निष्कर्ष लिहिते प्रयोगाखाली! इथे लिहायला काही नव्हतं.

त्या दिवसानंतर आत्या जेवायला लागली, अंघोळ करायला लागली, आणि तिने वेल्डिंगची ज्योत हातात धरायचं सोडलं. नवा पाइप तिने मापून वाकवला, गंज न चढणाऱ्या स्टीलचा. नवं जॅकेट कापलं. पण जोडायची वेळ आली तेव्हा तिने हातमोजे माझ्यापुढे टाकले.

"मी? मी बाकाचे पाय जोडते गं!"

"आता हे जोड."

"नको. आत्या, प्लीज. दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ."

"एरवी तर सगळं येतं तुला. शाळाभर सांगत फिरतेस." तिने मोजे पायाने माझ्याकडे सरकवले. "पाइप उघड्यावर जोड, चहूबाजूंनी बघून. जॅकेट नंतर. घाई नको."

मी जोडलं. खराब झालं, कापलं, परत जोडलं. रडले, मुखवट्याच्या आत, त्यामुळे काच धुकटली आणि तो टाका परत कापावा लागला. शेवटी जो झाला तो तिने भिंगाखाली धरला, तापवून धुराने तपासला, थंड करून पाण्यात तपासला, परत तापवला. दोन्ही जॅकेटं बेडकीला चढली. पंख्याच्या नळ्या, झडपा, दांड्याची केबल, सगळं नवं.

"आता शेवटचं तपासायचं," आत्या म्हणाली. "घाटावर."

बाबा नाही म्हणाला. मग मीटर आणून दिला, त्याच्या रुग्णवाहिकेतला, आणि म्हणाला, "मी मागून येतो." तो खरंच मागून आला, अख्खा चढ, टपावरचा फिरता दिवा न लावता.

आत्याने काचा बंद केल्या आणि दांडा वर ओढला. मी शेजारी बसले होते, मांडीवर मीटर. आधी काहीच नाही. मग पहिल्या वळणानंतर माझ्या घोट्यांना काहीतरी लागलं, कोणी झोपेत श्वास सोडावा तसं. ऊब. थोडा तेलाचा, थोडा नव्या रंगाचा वास. मीटर शून्य. पुढच्या वळणाला माझे पाय छान गरम झाले आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मी ते वर उचलून धरले.

"खाली ठेव पाय," आत्या म्हणाली. "त्याच्यासाठीच केलंय."

वर तीच मोकळी जागा आली. आत्याने गाडी वळवली आणि सवयीने शेपूट दगडाला लावली. इंजिन चालू ठेवलं. बाबाची गाडी जरा दूर थांबली. समोर धुकं होतं, काचेपलीकडे काही नाही. आत ऊब वाढत होती, इतकी मऊ, की डोळे मिटावेसे वाटत होते, आणि मला कळलं की घाबरायचं कारणच पडलं नसेल त्याला. त्याने दार का ढकललं नाही ते मला कळलं. मी आत्याकडे पाहिलं. तिलाही कळलेलं होतं, केव्हाचंच.

"भोंग्या," ती म्हणाली. तिने मला कधीच असं म्हटलं नव्हतं. तो शब्द फक्त त्याचा होता.

"काय?"

"गप्प का झालीस?"

"मीटर बघतेय. शून्य आहे."

"मीटर राहू दे." तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, तळव्यावरचा भाजल्याचा पट्टा अजून गुलाबी होता. "तो गप्प झाला होता आणि मला बरं वाटायचं, कामात शांतता मिळते म्हणून. तू बोल. काहीही बोल. गप्प झालीस तर मी काच फोडेन."

मग मी बोलले. वादविवादात मुलांना कसं गार केलं ते, विज्ञानाच्या बाईंच्या गोळ्याचं आणि कड्याचं, बाकाच्या पायाचं, आईने विणलेल्या आणि एक बाही लांब झालेल्या स्वेटरचं. आवाज चिरकला तरी बोलले. घसा सुकला तरी बोलले. आत्या हुं हुं म्हणत होती आणि पायाने इंजिनाचा वेग थोडा थोडा वाढवत होती, मी जोडलेला टाका आणखी तापावा म्हणून. धुक्यातून बाबा चालत आमच्याकडे येताना दिसला, दाराच्या मुठीकडे हात पुढे केलेला, आणि माझं बोलणं ऐकून तो तसाच तिथे थांबला.